खाऱ्या पाण्यातील उपोषण

अकोला जिल्ह्याच्या उत्तर टोकास, सातपुड्याच्या पायथ्याशी, तेल्हारा तालुक्यात आमचे हिवरखेड वसले आहे. उत्तरेस डोंगर आणि दक्षिणेस पूर्णेच्या खोऱ्यापर्यंत पसरत गेलेली काळी, कपाशीची जमीन. समुद्र येथून शेकडो मैल दूर. तथापि खारे पाणी ही वस्तू आम्हांस अपरिचित आहे असे मात्र नाही. पूर्णेच्या दोन्ही अंगांनी अकोला, अमरावती व बुलढाणा या जिल्ह्यांतून जो खारपाणपट्टा गेला आहे, त्यातील विहिरींचे पाणी तोंडात धरवत नाही. त्यात डाळ नीट शिजत नाही, साबणास फेस येत नाही, आणि ओलितास लावले तर जमीन चिकट व टणक होऊन बसते. अशा मुलखात वाढलेल्या माणसास खाऱ्या पाण्यात कोणी आनंदाने राहते, किंबहुना त्यावाचून जगतच नाही, ही गोष्ट भूगोलाच्या पुस्तकात वाचून कळते. परंतु पटावयास डोळ्यांनीच पाहावी लागते. पुराणांतील सप्तसमुद्रांची नावे मी मुलांस तीस-पस्तीस वर्षे शिकविली. त्या यादीत लवणोदधी पहिला येतो. मुलांचे लक्ष मात्र नेहमी इक्षुरसाच्या व दुधाच्या समुद्राकडे असे.

सन २०१५ च्या डिसेंबरात, सेवानिवृत्त होऊन वर्ष होत आले असता, धाकट्या बहिणीच्या आग्रहावरून मी मुंबईस गेलो. त्या वेळी अकोला-खंडवा ही मीटरगेजची गाडी चालू होती. आता ती राहिलेली नाही. हिवरखेडच्या स्टेशनावर ती सावकाश येई, सावकाश उभी राही आणि त्याहून सावकाश निघे. तिने अकोल्यास आलो व रात्रीच्या मोठ्या गाडीने सकाळी दादरास उतरलो. प्रवासाचे वर्णन याहून अधिक करण्याजोगे काही घडले नाही.

बहिणीच्या घरी पाऊल ठेवले तो घर सुतकात असल्यासारखे शांत. विचारता कळले की भाच्याने दिवाणखान्यात समुद्राच्या पाण्याची मोठी काचपेटी मांडली असून, चार दिवसांपूर्वी तीत दोन नवे मासे आणून सोडले आहेत आणि त्या दोघांनीही अद्याप अन्नाचा कण घेतलेला नाही. भाच्याची नऊ वर्षांची मुलगी काचेला नाक लावून बसली होती. मला पाहताच नमस्कार वगैरे काही न करता ती म्हणाली, "मामाआजोबा, ते मरणार का हो?"

दोन्ही मासे दिसावयास अतिशय सुंदर. एक पांढऱ्या अंगाचा, त्यावर नारिंगी-तांबूस उभे पट्टे, पाठीच्या मागील भागी डोळ्यासारखा काळा ठिपका आणि तोंड चोचीसारखे लांब. यास 'कॉपरबँड बटरफ्लाय' म्हणतात. दुसरा लहान, पांढुरका, अंगावर बाणाच्या टोकांसारख्या काळसर रेघा एकापुढे एक ओढलेल्या. जुने रहिवासी मासे टाकलेल्या अन्नावर तुटून पडत होते. हे दोघे मात्र दगडाआड उभे राहून, समोरून जाणाऱ्या कणाकडे एक डोळा वळवून पाहत आणि पुन्हा विन्मुख होत. सासरी आलेली नवी सून पहिल्या दिवशी पानावर बसते, सर्वांकडे पाहते, परंतु घास काही उतरत नाही, तसा तो प्रकार होता. आमच्याकडे बाजारातून आणलेला बैल नव्या दावणीस कडब्यास तोंड लावीत नाही, तेव्हा शहाणा शेतकरी त्याच्या जुन्या धन्याकडील पेंढी मागून आणतो. माशाच्या जुन्या धन्याकडून काय मागून आणावे, हा प्रश्न होता.

भाचा म्हणाला, "मामा, उद्या तारापोरवाला मत्स्यालयात जाऊ. तुम्हांला पाहायचे आहेच, आणि मला कोणाला तरी विचारायचे आहे."

हे मत्स्यालय चर्नी रोड स्टेशनापासून पायी जाण्याच्या अंतरावर, मरीन ड्राइव्हवर, समुद्राच्या अगदी समोर होते. सन १९५१ मध्ये राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. तारापोरवाला या पारशी घराण्याने त्यासाठी मोठी देणगी दिली, म्हणून हे नाव. पुढे नूतनीकरणासाठी ते काही काळ बंद होते व २०१५ च्या प्रारंभी पुन्हा उघडले. त्यामुळे मी गेलो तेव्हा सर्व नवे, चकचकीत होते. आत शिरताच बारा फूट लांबीचा पारदर्शक ऍक्रिलिकचा बोगदा लागे. डोक्यावरून व दोन्ही बाजूंनी मासे जात आणि खालून माणसे. (सन २०२० च्या टाळेबंदीत या मत्स्यालयाचे दरवाजे लागले. मी लिहितो आहे ते त्यापूर्वीच्या दर्शनाविषयी, हे वाचकांनी ध्यानी घ्यावे.)

मत्स्यालय हा प्रकार काही फार पुरातन नव्हे. लोकांस पाहण्यासाठी पहिले मत्स्यगृह लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ मध्ये उघडले. आपल्या देशात मद्रासेस समुद्रकिनारी १९०९ मध्ये असे एक स्थापन झाले होते. ते दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत नाहीसे झाले. म्हणजे माशास काचेआड ठेवून जगविण्याची विद्या अवघी पावणेदोनशे वर्षांची आहे, आणि तिच्यातील अवघड भाग पाणी खारे करणे हा नव्हे. हजार भाग पाण्यात सुमारे पस्तीस भाग मीठ, हे प्रमाण कोणीही राखू शकतो. अवघड भाग आहे तो पाहुण्यास जेवावयास बसविण्याचा.

तेथे एक वयस्क कर्मचारी भेटले. जातीने कोळी, आयुष्य समुद्रावर व माशांत गेलेले. मी शिक्षक आहे हे कळल्यावर ते मला 'मास्तर' म्हणू लागले आणि आपण जणू माझी परीक्षा घेत आहो अशा थाटात त्यांनी विचारले, "मास्तर, नवा मासा का खात नाही, सांगा."

मी म्हणालो, "भूक नसेल."

"भूक असतेच. दोन-दोन दिवस उपाशी ठेवून तर त्याला पिशवीत भरतात. तो भ्यालेला असतो, म्हणून खात नाही. आणि तुम्ही टाकता ते अन्न आहे, हेच त्याला ठाऊक नसते."

या दोन वाक्यांत सर्व विषय आला असे मला वाटते. माशास परगावी धाडताना प्राणवायू भरलेल्या पिशवीत घालतात. पोटात अन्न असेल तर त्याच्या मळाने ते थोडेसे पाणी वाटेतच दूषित होईल, म्हणून आधी उपास घडवितात. त्यानंतर विमान, दुकान, दुकानातील पेटी, पुन्हा पिशवी, पुन्हा पेटी. फिलिपाइन्सकडे १९६० नंतरच्या काळात सायनाइडचे विष पाण्यात सोडून मासे गुंगवून धरण्याची वाईट चाल पडली. तशा रीतीने धरलेला मासा वरून धडधाकट दिसला तरी आतून पोखरलेला असतो व पुष्कळदा खातच नाही. इतक्या दिव्यांतून आलेल्या जीवास, आल्या दिवशीच, प्रखर दिव्याखाली, दहा अनोळखी माशांच्या गर्दीत, वाळलेल्या अन्नाची चिमूट टाकावयाची आणि तो खात नाही म्हणून चिंता करावयाची, हे म्हणजे वसतिगृहात प्रथमच आलेल्या मुलास पहिल्या रात्री मोठ्या पंक्तीत बसवून वाढप्याने दरडावण्यासारखेच होय. असली मुले मी पुष्कळ पाहिली आहेत. त्यांस कोपऱ्यात बसविले व कोणी त्यांजकडे पाहिनासे झाले की तिसऱ्या दिवशी ती आपसूक भाकरी मागत.

येथे एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. आपल्या निर्जळी एकादशीचे पुण्य समुद्रातील माशास कधीच लाभावयाचे नाही. भोवतालचे पाणी त्याच्या रक्ताहून खारट असल्याने त्याच्या अंगातील पाणी सतत बाहेर ओढले जाते. ते भरून काढण्यासाठी तो एकसारखा समुद्राचे पाणी पितो व जास्तीचे मीठ कल्ल्यांवाटे टाकून देतो. नदीतील माशाचे याच्या अगदी उलट. त्यास पाणी पिण्याचे फारसे कारणच पडत नाही. म्हणजे उपोषणाच्या काळातही समुद्रातील माशास हा उपसा चालूच ठेवावा लागतो, आणि त्यास शक्ती लागते.

किती दिवस निभावेल, हे जातीवर अवलंबून असते. हेकरूसारखा मोठा मासा किंवा वाम दगडाच्या कपारीत आठवडे न खाता काढील आणि नंतर एका घासात भरपाई करील. लहान, सारखा हिंडणारा मासा काही दिवसांतच खंगतो. पोट आत गेले आणि डोक्यामागील पाठीचे मांस बसून तेथे खळगा दिसू लागला, की वेळ थोडा उरला असे समजावे. समुद्रघोड्याची तर गोष्टच निराळी. त्यास जठरच नसते, त्यामुळे खाल्लेले साठवून ठेवता येत नाही व दिवसातून अनेकदा खावे लागते, आणि तेही हलणारे, जिवंत. आपल्याकडे २००१ पासून समुद्रघोड्यास वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे, हे फार बरे झाले. दिवाणखान्यात त्याचे हाल करावयास कोणी मोकळा राहिला नाही.

मग युक्त्या कोणत्या? त्या वयस्क गृहस्थांनी त्या मला क्रमाने सांगितल्या नाहीत. एका पेटीवरून दुसऱ्या पेटीवर जाता जाता सांगितल्या. नव्या माशास प्रथम मोठ्या पेटीत सोडूच नये. निराळी, लहान, शांत पेटी असावी. तिच्या बाजू झाकाव्या, दिवा मंद ठेवावा, लपावयास नळीचे तुकडे किंवा दगड द्यावे. "आधी लपायला जागा, मग जेवण," हे त्यांचे सूत्र. पहिला दिवस तर काही देऊच नये. त्यानंतर जे हलते ते द्यावे. सिंहमाशास निश्चल कोळंबी म्हणजे दगड. तीच बारीक काडीच्या टोकास लावून त्याच्या तोंडासमोर डुलविली की तो झडप घालतो. काही दिवसांनी डुलविणे कमी करीत जावे. शेवटी मेलेला तुकडा पडतानाही तो झेलतो. कित्येक आठवड्यांचे हे काम असते. पोपटास बोलावयास शिकविण्याइतकाच धीर त्यास लागतो.

सर्वांत लहान मुखांसाठी आर्टेमिया नावाचा एक सूक्ष्म खारजीव वापरतात. हा मिठागरांतील अतिखारट पाण्यात राहतो. मुंबईकडील मिठागरांतही तो आढळलेला आहे. त्याची अंडी वाळून भुकटीसारखी होतात आणि बीजाप्रमाणे वर्षानुवर्षे सजीव राहतात. ती खाऱ्या पाण्यात घालून खाली हवेचे बुडबुडे सोडले, की सुमारे एका दिवसात नारिंगी रंगाची असंख्य पिले थरथरत वर येतात. ती पाण्यात पसरली म्हणजे हट्टी मासाही मान वळवितो. ही वस्तू मी भाच्याच्या घरी बाटलीत पाहिली, आणि खरे सांगावयाचे तर मुंबईत पाहिलेल्या सर्व गोष्टींत तिचेच मला अधिक नवल वाटले. आमच्या खारपाणपट्ट्यात धान्य रुजावयास मारामार. येथे खाऱ्या पाण्यात अंडी फुटतात!

समुद्रातही शाकाहारी मंडळी आहेत. शल्यमासा, ज्याच्या शेपटीपाशी वैद्याच्या सुरीसारखा काटा असतो, तो शेवाळावर राहतो. त्यास जपानी पद्धतीचा वाळलेल्या समुद्रशेवाळाचा पापुद्रा दगडास बांधून द्यावा. दगडावरचे अन्न त्यास लवकर कळते. मला हा मासा सज्जन वाटला.

भाच्याच्या दोन माशांचे वर्णन ऐकून ते गृहस्थ चोचवाल्याविषयी म्हणाले, "त्याला तिसरी द्या, उघडून, शिंपल्यासकट. चोच कशासाठी दिली आहे त्याला? फटीत घालायला. पाण्यात तरंगणारे तो खाणार नाही." नंतर बाणांच्या रेघांचा मासा कसा आहे, हे त्यांनी दोनदा विचारून घेतले आणि मग जरा थांबून म्हणाले, "तो कशाला आणला? तो फक्त जिवंत पोवळे खातो. दुसरे काही खात नाही. आम्हीसुद्धा हात टेकले असते."

येथे हे सांगणे अवश्य आहे की हात टेकण्याचे प्रसंग मोठमोठ्या संस्थांवरही आलेले आहेत. मोठा पांढरा शार्क, म्हणजे मुशीच्या कुळातील अतिबलाढ्य भक्षक, अमेरिकेतील अनेक मत्स्यालयांनी आणून पाहिला. सान फ्रान्सिस्कोच्या स्टाइनहार्ट मत्स्यालयात १९८० मध्ये एक मादी आणली होती. लोकांची रीघ लागली, पण ती खाईना, भिंतींवर आदळू लागली, आणि काही दिवसांतच तिला समुद्रात परत सोडावे लागले. पुढे २००४ मध्ये माँटेरे बे येथील मत्स्यालयाने निराळी वाट धरली. धरलेल्या मादीस प्रथम समुद्रातच, विस्तीर्ण जाळीच्या कुंपणात ठेवले; तेथे ती खाऊ लागली आहे याची खात्री करून घेतली आणि मगच पेटीत आणले. ती तेथे १९८ दिवस राहिली व नियमाने जेवली. इतकी नियमाने, की अखेर तिने शेजारच्या दोन लहान शार्कांसही चावे घेऊन मारले, तेव्हा २००५ च्या मार्चअखेर तिची सागरात पाठवणी झाली. आमच्या कोळी गुरूंची झाकलेली लहान पेटी आणि ते समुद्रातील कुंपण, दोहोंमागील विचार एकच: जुन्या व नव्या घराच्या मध्ये एक ओसरी असावी.

घरी परत आल्यावर प्रश्न उभा राहिला तो तिसऱ्यांचा. बहिणीचे घर कडक शाकाहारी. चातुर्मासात लसूणही आत येत नाही. इकडे काही हौशी लोक माशास भूक लागावी म्हणून अन्नास लसणाचा रस लावतात, असे भाच्याने सांगितले. बहीण म्हणाली, "दादा, आधी लसूण, मग शिंपल्या! उद्या मीच उपोषणाला बसते." परंतु नातीचा चेहरा पाहून तिचाच निर्धार ढळला. बाहेरच्या गच्चीत निराळी सुरी, निराळी बशी व घट्ट झाकणाचा डबा अशी व्यवस्था झाली, आणि तिसऱ्या भाच्याने स्वतः मासळीबाजारातून आणल्या. मी पाहत होतो, हात लावला नाही. मनात आले की शतपथ ब्राह्मणात मनूने ओंजळीत आलेला इवला मासा प्रथम कुंभात, मग खड्ड्यात आणि शेवटी समुद्रात ठेवून वाढविला; त्यास पेटीचा आकार केव्हा वाढवावा हे नेमके ठाऊक होते. परंतु कुंभात असताना त्याने त्यास काय खावयास घातले, याविषयी कथा मूग गिळून बसते. ती उणीव कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वर राजाने बाराव्या शतकात काही अंशी भरून काढली. त्याच्या मानसोल्लासात मत्स्यविनोद नावाचे प्रकरण आहे. त्यात समुद्रातील व नदीतील माशांच्या जाती आणि कोणत्या माशास कोणते आमिष रुचते हे सांगितले आहे. उद्देश गळाने धरण्याचा. ज्ञान मात्र तेच.

दोन्ही मासे निराळ्या पेटीत हलविले. काचेस बाहेरून जुनी वर्तमानपत्रे लावली, एका कोपऱ्यास पाहण्यापुरते भोक ठेवले. मी नातीस एक वही आखून दिली व वेळ आणि निरीक्षण एवढेच लिहावयास सांगितले. 'मला वाटते' हे शब्द वहीत येऊ द्यावयाचे नाहीत, असा नियम घातला. पहिली उघडलेली तिसरी दगडाच्या फटीत बसविली. सायंकाळपर्यंत काही नाही; दूषित होईल म्हणून काढून टाकली. दुसऱ्या दिवशी चोचवाला मासा जवळ आला, तिरपा झाला, एक टोच मारली आणि तुकडा बाहेर थुंकला. घरात निराशा पसरली. मी त्यांस कोळी गुरूंचे वाक्य सांगितले: थुंकला तर आनंद माना, चव पाहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी सव्वासात वाजता त्याने टोच मारली आणि थुंकला नाही. ही बातमी माझ्या खोलीत नातीने ज्या आवाजात आणली, त्याने शेजारचे लोक दारात आले.

बाणांच्या रेघांच्या माशापुढे सर्व उपाय झाले. आर्टेमिया, तिसरी, कोळंबीचा लगदा पोवळ्याच्या वाळलेल्या सांगाड्यावर लिंपून पाहिला. त्या सांगाड्याजवळ तो येई, ओळखीचे काही दिसल्याप्रमाणे थबके आणि निघून जाई. ज्याने तो विकला त्या दुकानदारास त्याच्या आहाराची कल्पना नसेल, असे म्हणणे कठीण आहे. एकदा पैसे हाती पडल्यावर त्याने तो परत घेण्यास नकार दिला. मुंबईच्या किनाऱ्यास सोडावा तर तेथे त्यास लागणारे पोवळे नाही. त्याचे मूळ ठिकाण कोणते हे कोणासच ठाऊक नव्हते. तो आणल्यापासून बाराव्या दिवशी गेला. नातीने वहीत वेळ लिहिली, आणि नियमाप्रमाणे आणखी काही लिहिले नाही. रात्री जेवणाच्या वेळी तिने वडिलांस एवढेच विचारले की विकत घेण्याआधी दुकानात तो खातो की नाही हे पाहता येत नाही का? भाचा म्हणाला, येते. असे सर्वांनी मागितले पाहिजे. ज्या माशास दुकानात खाताना पाहिले नाही, तो घरी आणू नये, आणि पोवळे खाणारा तर मुळीच आणू नये. हे त्याने स्वतः सांगितले, माझी आवश्यकता पडली नाही.

मी परत निघालो तेव्हा चोचवाला झाकलेल्या पेटीतच होता. त्यानंतरची हकीकत भाच्याने फाल्गुनात कळविली. तिसरीचे तुकडे शिंपल्यात, मग शिंपल्याशिवाय दगडावर, मग त्यांत गोठविलेली बारीक कोळंबी मिसळून, असे करीत दीड महिन्यात तो काडीवरचे खाऊ लागला व मोठ्या पेटीत गेला. रिकाम्या झालेल्या जागी त्यांनी समुद्रातून धरलेला मासा आणला नाही. विदूषकमाशांची संवर्धनात वाढलेली एक जोडी आणली. दक्षिणेत केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने या जातींची पैदास काचपेट्यांत यशस्वी करून दाखविली आहे. या पिलांनी समुद्र पाहिलेलाच नसतो, त्यामुळे माणसाच्या हातचे अन्न हेच त्यांचे अन्न. ती पहिल्याच सायंकाळी खाऊ लागली.

पत्रासोबत वहीचे एक पान होते. सकाळी ७.१०: चार टोचा. दुपारी १.००: दोन. सायंकाळी ६.३०: शिंपला रिकामा, बाहेर काढून धुतला.